साडेतीन फुटांवरचं कोथरूड

दुसरीतल्या मुलांना घेऊन मी दरवर्षी कोथरूडची ‘वाटाड्या वही’ करते. करतात खरं तर मुलंच; मी पेन्सिलींना टोक काढते आणि रस्ता ओलांडताना हात धरते.

पहिल्या वर्षी माझं एवढ्यावर भागलं नाही. मुलांनी काढलेल्या मयूर कॉलनीच्या नकाशात रसवंती शेजारच्या चार मजली इमारतीपेक्षा मोठी होती, चरकाची घुंगरं तर टेनिसच्या चेंडूएवढी. मी रात्री बसून पट्टीने सगळं सरळ केलं, प्रमाणात आणलं. सकाळी मुलं कागदाभोवती जमली. बराच वेळ कुणी बोलेना. मग एकीने विचारलं, “ताई, ही कुठली कॉलनी?”

तेव्हापासून पट्टी घरी राहते. कुठेही थांबलो की मीही उकिडवी बसते, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. तिथून दुकानाची पाटी दिसत नाही. शटरचं कुलूप दिसतं, हातगाडीखालचा कुत्रा दिसतो. (उठताना गुडघे बोलतात, ते सोडा.) बालशिक्षणातल्या ताराबाई मोडकांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली होती. माझं अंगण म्हणजे पौड रस्त्याचा फुटपाथ, तोही दुचाकींनी अर्धा खाल्लेला.

वहीत काय घ्यायचं यावर भांडणं होतात. यशवंतराव चव्हाण नाट्यगृहाच्या पानावर मध्यंतरातला बटाटावडा आला. नाटकाच्या बाजूने मी एकटीच होते. ‘वनाझ’ म्हणजे कोण, यावर तासभर गेला. मेट्रो इथून २०२२ च्या मार्चमध्ये धावू लागली, त्यामुळे यांच्या लेखी ते स्टेशनचंच नाव. कारखान्यावरून पडलंय म्हटल्यावर चेहरे पडले. कुणीतरी राजा हवा होता.

कर्वे पुतळा हाही त्यांना बसस्टॉपच. महर्षी अण्णासाहेब कर्वे १८५८ साली जन्मले, १०४ वर्षं जगले, म्हटल्यावर थोडी कुजबुज झाली. पण १९०० साली त्यांचा विधवांसाठीचा आश्रम हिंगण्याच्या माळावर गेला आणि अण्णा फर्ग्युसनमधलं शिकवणं आटोपून तिथवर चालत जायचे, पावसाळ्यात चिखल तुडवत, हे सांगितलं तेव्हा मात्र प्रश्न सुरू झाले. बस नव्हती? अंधारात? आई ओरडायची नाही? एका मुलाने त्या पानावर पुतळा काढलाच नाही. दोन चपला काढल्या आणि तपकिरी खडू संपेपर्यंत त्यांच्यावर चिखल घासला. माझ्या हातात तेव्हा खोडरबर होतं. ते मी पिशवीत टाकलं.

यंदाच्या वहीत मृत्युंजयेश्वराच्या देवळाला जायची वाट अशी लिहिली आहे: ‘सरळ जा. गाडीखाली कुत्रा झोपलेला दिसला की वळा. तो उठून गेला असेल तर फुलवाल्या आजींना विचारा.’