जळकं ऑइल

पुण्यात आमच्या कॉलनीत रविवारी सकाळी कुठल्या ना कुठल्या फिआटखालून दोन पाय बाहेर आलेले दिसायचे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचे ते दिवस. गाडी नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं आणि मग कधीतरी कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली गाडी दारात यायची. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं होतं, लोक मात्र फिआटच म्हणत. अशी नवसानं आलेली गाडी मुलांच्या लग्नापर्यंत टिकवायची असे. गॅरेजमध्ये टाकली तर चार पैसे जास्त जात हे खरंच, पण घरी ऑइल बदलण्याचं मोठं कारण वेगळं होतं. आतून काय निघतंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असे.

बाबा आधी कॉलनीला एक चक्कर मारून येत. इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं आणि घाण सोबत घेऊन बाहेर येतं. थंड इंजिनाचं ऑइल सोडलं तर गाळ चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाशीच बसून राहतो. मग चाकांना दगड, खाली गोणपाट, चेंबरखाली जुनं घमेलं. सडपातळ माणूस फिआटखाली जॅक न लावताच सरकायचा. रिंग पान्यानं चेंबरचा नट सैल करायचा, शेवटचे आटे बोटांनी आत दाबत फिरवायचे आणि झटक्यात हात बाजूला घ्यायचा. आधी बोटभर जाडीची काळी धार तिरकी पडायची, मग सरळ, मग सुतळीएवढी, मग थेंब. तो शेवटचा थेंब पडेपर्यंत कुणी घाई करत नसे. बाबा गोणपाटावर तसेच पडून राहत आणि मी शेजारी बॅटरी धरून बसलेला असे.

खरी परीक्षा त्यानंतर. निघालेलं ऑइल अंगठा आणि तर्जनीत चोळून बघायचं. नुसतं काळं असेल तर चिंता नाही, कारण ऑइलमधली डिटर्जंट द्रव्यं काजळी धरून ठेवतात म्हणूनच ते काळं होतं. काळं ऑइल म्हणजे काम केलेलं ऑइल. दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, बहुधा हेडचं गॅस्केट गेलंय. पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटलाय, कारण तेव्हाचे पंप इंजिनालाच जोडलेले असत आणि गळणारं पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरायचं. आणि उन्हात धरल्यावर बोटावर चंदेरी कण चमकले की घरात शांतता पसरायची, कारण मग बेअरिंगचा खर्च आला. बाबांचा चेहरा तेव्हा नाडी बघणाऱ्या डॉक्टरसारखा गंभीर असे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, ऑइल जेमतेम तीन लिटरच्या आसपास. तिच्यासाठी जॅक आणि गाडीखाली भक्कम टेकू आले. तिचा फिल्टर म्हणजे पत्र्याचा बंद डबा, तो आटे फिरवून काढायचा. घट्ट बसलेला डबा काढायला कुणी फॅनबेल्टचा फास करी, कुणी सरळ स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून त्याची मूठ करी. नवा बसवताना मात्र सगळ्यांचा नियम एकच: रबरी रिंगला नव्या ऑइलचं बोट फिरवायचं, रिंग टेकेपर्यंत हातानं आवळायचं, पुढे पाऊण फेरा, बस. पाना लावायचा नाही. नट लावताना वायसर नवा. मग नवं ऑइल ओतून इंजिन चालू केल्यावर ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंतचे दोन-तीन सेकंद सगळे श्वास रोखून उभे.

आता माझ्या गाडीला वर्षातून एकदा किंवा दहा हजार किलोमीटरला ऑइल लागतं. तेव्हा पाच हजारही कुणी होऊ देत नसे. हा फरक उगाच पडलेला नाही. कार्ब्युरेटर गेले, इंजेक्शन आलं. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली झिरपून ऑइल पातळ करायचं, ते बरंच थांबलं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, त्यामुळे शिशाची घाण ऑइलमध्ये उतरणं बंद झालं. आणि खुद्द ऑइल बदललं. तेव्हा २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० चा डबा सगळ्यांना चाले. आज कित्येक नव्या गाड्यांना ०डब्ल्यू-२०, काहींना तर ०डब्ल्यू-१६ लागतं. ते इतकं पातळ की जुना मिस्त्री हातात घेऊन नाक मुरडेल. पण सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर ते पटकन वरपर्यंत पोचतं आणि घर्षण कमी झाल्यानं पेट्रोलही थोडं वाचतं. जुन्या सवयीनं नव्या गाडीत जाड ऑइल घालणाऱ्यांचा मला राग येतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच घालावं.

बिघडलं ते वेगळंच. सर्व्हिसला गाडी सोडतो, संध्याकाळी फोनवर बिल येतं, त्यात ‘इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, ड्रेन गॅस्केट’ अशा ओळी असतात. निघालेलं ऑइल कसं होतं, हे विचारलं तर काउंटरवरच्या मुलाला ठाऊक नसतं, कारण ते त्यानंही पाहिलेलं नसतं. गाडीची तब्येत मालकाला पडद्यावरचा दिवा सांगतो आणि दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. अनेक सोसायट्यांनी पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला बंदी घातली, त्यामुळे ज्यांना हौस आहे त्यांनाही जागा नाही.

एका गोष्टीत मात्र आजचा काळ निःसंशय चांगला. तेव्हाचं जळकं ऑइल कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासलं जाई, शटरिंगच्या फळ्यांना लागे आणि उरलेलं सरळ गटारात जाई. कुणाला त्यात गैर वाटत नसे. त्या ऑइलमध्ये जड धातू असतात आणि पाण्यात, जमिनीत ते पसरत राहतं. आता वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं आणि एप्रिल २०२४ पासून ते गोळा होऊन पुन्हा शुद्ध होण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे.

वॉरंटी संपल्यापासून मी दरवर्षी गाडी घेऊन सांगलीला भावाच्या घरी जातो, तिथे अंगण आहे. इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं कवच काढायलाच अर्धा तास जातो, त्याच्या क्लिपा तुटतात. नट पुतणी सोडते. यंदा तिनं बोटं चोळून वास घेतला आणि विचारलं, “काका, पेट्रोलचा वास येतोय का हो?” मीही घेतला. नव्हता. मग आम्ही ऑइल नरसाळ्यानं रिकाम्या कॅनमध्ये भरलं, जुना फिल्टर उलटा करून निथळत ठेवला आणि दोन्ही ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे नेऊन दिले, कारण त्याच्या पिंपातलं ऑइल न्यायला परवाना असलेली गाडी येते.