पंधरा नॉट

वैशाखात कळमनुरीकडून वळवाचा ढग चढतो तेव्हा आधी झाडाचं पानसुद्धा हलत नाही. मग ढग लांब असतानाच एकाएकी गार वारा सुटतो, धूळ उठते, पत्रे वाजू लागतात. पाऊस मागून येतो. ढगातून पावसासोबत कोसळलेली थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, तो हा वारा. हिंगोलीच्या रानात तो हवाहवासा वाटतो. धावपट्टीवर मात्र मी विद्यार्थ्यांना सांगतो, हा गारवा अंगाला लागला की इंजिन बंद करा.

सेसना 152 सारखं छोटं विमान टेकऑफनंतर साधारण 67 नॉटांनी चढतं. 48 च्या खाली वेग गेला की पंख हवा धरत नाहीत, म्हणजेच स्टॉल. हा वेग पंखांवरून जाणाऱ्या हवेचा असतो, जमिनीवरचा नव्हे. समोरचा वारा अचानक 15 नॉटांनी पडला, तर हातातल्या 19 पैकी 4 नॉट उरतात. त्यात 45 अंश कलून वळण घेतलं, तर स्टॉलची मर्यादाच 57 वर जाते. वारा पाठीशी आला की जमीन भराभर मागे पळते आणि डोळ्यांना वाटतं, वेग भरपूर आहे. जमिनीजवळ हा भास फार घातक. चढ मंदावला म्हणून हात नाक आणखी वर ओढतो, आणि उरलासुरला वेगही जातो.

शिकवताना मला 11 एप्रिल 1996 ची सकाळ हटकून आठवते. अमेरिकेतलं शायेन, समुद्रसपाटीपासून 6,100 फुटांहून उंच, म्हणजे हवा आधीच विरळ. जेसिका डुब्रॉफ ही सात वर्षांची मुलगी, तिचे वडील आणि प्रशिक्षक जो रीड, जेसिकाच्या हाती विमान देऊन देश ओलांडण्याच्या विक्रमी सफरीवर होते. सेसना 177 मध्ये मर्यादेपेक्षा जास्त वजन होतं आणि वादळ विमानतळावर येऊन ठेपलं होतं. आधी उडालेल्या एका वैमानिकाने वेग 15 नॉटांनी वरखाली होत असल्याचं कळवलं. टॉवरने ते रीडपर्यंत पोचवलं. तरी विमान उडालं, वादळ टाळायला उजवीकडे वळलं, स्टॉल होऊन वस्तीत कोसळलं. तिघेही गेले.

चौकशीत वाऱ्यापेक्षा बिघडत्या हवेत उडण्याच्या निर्णयावर बोट ठेवलं गेलं. सफरीचं घट्ट वेळापत्रक आणि वाट पाहणारे पत्रकार, हेही नोंदलं गेलं. त्याच वर्षी मुलांच्या अशा विक्रमी उड्डाणांवर बंदी घालणारा कायदा झाला. कायदा योग्यच होता. पण त्या वेळी विमान रीडच चालवत होता, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. मला तोच माणूस छळतो, कारण मी रोज त्याच्याच खुर्चीत बसतो.

स्टॉलमध्ये गेलेला वेग परत मिळवायला नाक खाली घालायला शिकवणं हे आमच्या कामातलं सर्वांत अवघड काम. पाच-सातशे फुटांखाली घरं दिसत असताना जमिनीकडे नाक करायचं, याला सगळं शरीर नकार देतं. म्हणून 3,000 फुटांवर जाऊन टेकऑफसारखी पूर्ण शक्ती लावायची, नाक चढवत स्टॉल होऊ द्यायचा आणि हात आपोआप पुढे जाईपर्यंत तेच करायचं.

थांबायला शिकवणं मात्र आकाशात होत नाही. आमच्याकडे ज्वारी उपणताना वावडीवर उभा माणूस वारा पडला की पाटी तशीच धरून ठेवतो. त्याला कुणी आळशी म्हणत नाही. फ्लाइंग स्कूलमधल्या पोराला ही मोकळीक नसते. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तास भरायचे असतात, वडिलांनी जमीन गहाण टाकलेली असते. ‘सर, ढग लांब आहे, एक सर्किट होईल,’ असं तो म्हणतो तेव्हा त्याची घालमेल मला कळते. पण नकार प्रशिक्षकाच्या उजव्या खुर्चीतूनच यायला हवा, तोही इंजिन सुरू होण्याआधी. विमान एकदा धावपट्टीच्या तोंडाशी गेलं की अनुभवी माणसालाही परत फिरणं जड जातं.