पानी काऊन नाही?

"म्याडम, बुढ्याले पानी काऊन नाही देऊ देत?"

यवतमाळचा मे महिना, बाहेर पारा पंचेचाळीसकडे निघालेला, आणि मी लकवा झालेल्या माणसाच्या बायकोला हातातला गडवा खाली ठेवायला सांगते. वाईट दिसते मी त्या वेळी, मला ठाऊक आहे.

लोकांना वाटतं, घास अडकतो, पाणी सरळ उतरतं. आहे उलटं. पाणी जिभेवर थांबत नाही. थकलेल्या घशाला श्वासनलिका मिटायला उशीर होतो, तेवढ्यात ते आत शिरतं. धडधाकट माणसाला ठसका लागतो. लकव्यानंतर कधी कधी तोही लागत नाही, आणि मग न्यूमोनियाच कळवतो. म्हणून चमचाभर गिळल्यावर मी 'आ' म्हणायला लावते. आवाज ओला, गुळगुळल्यासारखा आला की थांबायचं.

बाकी काम बोटांचं. तर्जनी हनुवटीखाली, अनामिका कंठमण्यावर, आणि नुसती थुंकी गिळायला सांगायची. निरोगी कंठमणी सेकंदाभरात वर जाऊन परततो. आजारी गळ्यात तो निघतो, अर्ध्यात थबकतो, मागे येतो.

त्याला वर ओढणारे स्नायू बळकट करणारा व्यायाम अमेरिकेतल्या डॉ. रेझा शेकर यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचा अभ्यास १९९७चा. उताणं झोपून, खांदे न उचलता, डोकं उचलून पायाची बोटं पाहायची. मिनिटभर धरायचं, मिनिटभर विसावा, असं तीनदा. मग ३० वेळा नुसती उचल-टेक. दिवसातून तीनदा, सहा आठवडे. पुस्तकातलं हे मिनिट माझ्याकडे दहा सेकंदांपासून सुरू होतं. मानेच्या मणक्याचा त्रास असेल तर हा व्यायाम मी देतच नाही.

एका आजोबांना महिनाभर करूनही फरक पडेना. घरी जाऊन पाहिलं, तर सुंभाची बाज, मधोमध झोळ. डोकं न उचलताच बोटं दिसत होती! चूक माझी, कशावर झोपता, हे मी विचारलंच नव्हतं. आता आधी सांगते, भुईवर सतरंजी टाका.

जेवणाचंही तसंच. वरणात कुस्करलेली भाकर सोपी वाटते, पण वरण पुढे पळतं आणि कण मागे राहतात. त्यापेक्षा ज्वारीची घट्ट आंबील बरी, गुठळी नसलेली, चमच्यावरून सावकाश घसरणारी.

घरात कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, तर दवाखाना गाठा. गिळणं तपासून होईपर्यंत चमचाभर पाणीही पाजू नका.