पुरावा काय?

परवा सकाळी आरे कॉलनीत फिरत होते. मागून हाक आली, "बाई!" वळून पाहिलं तर माझी चाळीस वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. आता तिचेही केस पांढरे झालेत. चेक नाक्यापर्यंत गप्पा मारत आलो. निघताना ती हसत म्हणाली, "बाई, एकदा तुम्ही मला 'पुरावा काय' म्हणून विचारलं होतंत. त्यानंतर मी वर्गात प्रश्नच विचारला नाही."

ती हसली, पण मला काही हसू आलं नाही. कारण तो तास मलाही आठवत होता. इ.स. ७१२ मध्ये मोहम्मद बिन कासीमने सिंध जिंकला, असं मी शिकवलं होतं आणि वर "तेव्हा इस्लाम पहिल्यांदा भारतात आला" असं ठोकून दिलं होतं. ही मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, माझे आजोबा म्हणतात आपण चौलकडचे, फार पूर्वीपासूनचे. व्यापारासाठी गलबतातून आलो." मी म्हटलं, "पुरावा काय?" वर्ग हसला. ती खाली बसली.

प्रश्न चुकीचा नव्हता. पण तो मी तिला विचारला, स्वतःला नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा या विषयावर जमेल तसं वाचत गेले. त्यातलं थोडं सांगते.

आपल्याकडे सभासदाची बखर १६९७ ची, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सतरा वर्षांतली. चिटणिसांची बखर १८१० च्या सुमाराची. दोन्हींना आपण सारखं वजन देत नाही आणि अस्सल कागद मिळाला तर तो दोन्हींच्या आधी बघतो. इस्लामच्या आरंभाचंही तसंच आहे. पैगंबर ६३२ मध्ये वारले. त्यांचं सर्वांत जुनं विस्तृत चरित्र इब्न इसहाकचं. ते आठव्या शतकाच्या मध्याचं आणि आज मिळतं ते मुख्यतः इब्न हिशामने नंतर संपादित केलेल्या रूपात. म्हणजे मध्ये शंभराहून जास्त वर्षं गेली.

पण अस्सल कागदही आहेत. इजिप्तमध्ये सापडलेला ६४३ सालचा एक पपायरस व्हिएन्नात आहे. त्यावर ग्रीक आणि अरबी अशा दोन भाषांत काय लिहिलंय? अरब सैन्याला दिलेल्या पासष्ट मेंढ्यांची पावती! आरेच्या दुधाचं कार्ड जपून ठेवणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून फार गंमत वाटली. त्याच्याही आधीची, ६४० च्या सुमाराची, एका ख्रिस्ती धर्मगुरूची सिरियाक नोंद आहे. गाझाजवळ ६३४ मध्ये मोहम्मदांच्या अरबांशी लढाई झाली, असं ती सांगते. त्यात अरबांना 'तय्याये' म्हटलंय. हा शब्द लक्षात ठेवा.

आता कोकणात येऊ. आरेच्या टेकडीवरून पूर्वेकडे पाहिलं की राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. त्यांच्या पलीकडे ठाणं. बलाधुरी नावाचा अरब इतिहासकार लिहितो, की खलिफा उमरच्या काळात, ६३६ च्या सुमारास, ओमानहून एक आरमार ठाण्यावर आलं होतं आणि ही मोहीम उमरला मुळीच पसंत पडली नाही. म्हणजे पैगंबरांनंतर अवघ्या चार वर्षांत ठाणं! पण बलाधुरी वारला ८९२ मध्ये. घटना आणि लेखन यांत अडीचशे वर्षांचं अंतर. म्हणून ही कथा मी चिटणिशी खणात ठेवते.

मसूदीचं तसं नाही. हा अरब प्रवासी ९१६ च्या सुमारास स्वतः सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला, येऊन गेला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते, असं तो लिहितो. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे आणि काही इथेच जन्मलेले. त्यांचा प्रमुख नेमलेला होता. राज्य शिलाहारांचं, वर राष्ट्रकूटांची सत्ता.

आणि हा आपल्याकडचा अस्सल कागद, खरं तर तांब्याचा पत्रा. डहाणूजवळ चिंचणीला गेल्या शतकात ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकारांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे ९२६ सालचा. संजाणचा कारभार राष्ट्रकूटांतर्फे 'मधुमती' पाहत होता. मधुमती म्हणजे मोहम्मद! त्याने नदी ओलांडायला फुकट तर सुरू केली, भात-कालवण-तुपाचं अन्नछत्र घातलं आणि देवीच्या मठाला दान दिलं. ताम्रपटात त्याला 'ताजिक' म्हटलंय. 'तय्याये' आणि 'ताजिक' हे दोन्ही शब्द तय्य या अरब टोळीच्या नावावरून आले. वर्षफल सांगणारे ज्योतिषी 'ताजिक' म्हणतात, तोही हाच शब्द.

एवढंच सांगून थांबले तर पुन्हा अर्धाच इतिहास होईल. नवसारीचा ७३९ सालचा ताम्रपटही आहे. चालुक्य पुलकेशीने ताजिकांच्या सैन्याचा पराभव केला, असं तो सांगतो. लढाई खरी, आणि अन्नछत्रही खरं. दोन्ही तांब्यावर कोरलेलं आहे.

यातून तिच्या आजोबांचं सगळं म्हणणं सिद्ध होतं का? नाही. त्यांचं घराणं चौलच्या त्या दहा हजारांतलं होतं, असं कुठला कागद सांगत नाही. 'सिंधच्याही आधी' यालाही भक्कम आधार मला सापडला नाही. पण हजार-अकराशे वर्षांपूर्वी चौलला व्यापारी मुसलमानांची नांदती वस्ती होती, ही गोष्ट पक्की. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने घरी ऐकलेलं सांगितलं, ते निदान ऐकून घेण्याजोगं होतं. मी म्हणायला हवं होतं, "मला माहीत नाही. आपण दोघी शोधू."

त्या दिवशी चेक नाक्यावर मी तिचा फोन नंबर घेतला. मसूदीच्या त्या पानाची झेरॉक्स काढून ठेवली आहे. रविवारी ती घरी येणार आहे. देताना काय बोलायचं, ते मात्र अजून ठरत नाही.

असो. तुमच्याही एखाद्या विद्यार्थ्याला किंवा नातवाला असं खाली बसवलं असेल, तर जरूर कळवा. मला तेवढीच सोबत.