डीपीवरचा बाळकृष्ण

डीपीवर स्वतःचा चेहरा न लावणाऱ्या बायकांचा मला राग यायचा. आमच्या कुंभार पिंपळगावातल्या बचत गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला की दिसतात बाळकृष्ण, तुळजाभवानी, गुलाबाचं फूल, कुणाचा तरी नातू. कर्जाच्या कागदावर फोटो चिकटवता, मग इथंच कसली लाज, असं मी तोंडावर बोलायचे. डोक्यावरचा पदर मोबाइलमध्येही सुटत नाही, हे माझं ठाम मत होतं.

ते आता तसं राहिलेलं नाही. गटातल्या एक काकू म्हणाल्या, "फोटू ठिवला की कुनी बी उचलतंय बया. देवाला कोन उचलणार?" मी हसले खरी, पण मग आठवलं, २०१७ साली फेसबुकनं प्रोफाइल फोटो कुणाला डाउनलोड करता येऊ नये अशी सोय आणली, ती आधी भारतातच. इथल्या पुष्कळ बायका याच धास्तीनं फोटो लावत नाहीत, हे फेसबुकला पाहणी करून कळलं होतं. काकूंनी बाळकृष्ण लावून तो प्रश्न फुकटात मिटवला होता.

भाचीनं मात्र मला निरुत्तर केलं. २०२२च्या डिसेंबरात व्हॉट्सॲपवर स्वतःचं कार्टून बनवायचे अवतार आले आणि तिनं स्वतःचा बनवला: जीन्स, मोठा चष्मा, खांद्यापर्यंत केस. प्रत्यक्षात तिची वेणी कमरेखाली. "ही काही तू नव्हेस," मी म्हटलं. "मावशी, केस कापायचे तर घरात चौघांना विचारावं लागतं. इथं नाही लागत." लग्नासाठी काढलेल्या तिच्या फोटोत साडी आईनं निवडलेली, हसू फोटोवाल्यानं सांगितलेलं. त्यापेक्षा हे कार्टून तिचं जास्त आहे.

आणि सोंगच म्हणायचं तर गडकऱ्यांनी काय केलं? कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम, नाटकाला राम गणेश गडकरी. आमच्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांबला १६०८ साली जन्मलेले नारायण ठोसर पुढं रामदास झाले. खरं नाव लपवलं म्हणून त्यांच्यावर आजवर कुणी रुसलेलं नाही.

पुरुषांच्या बाबतीत मात्र मी अजून एवढी उदार झालेले नाही. गावच्या ग्रुपवर कित्येकांच्या डीपीला शिवाजी महाराज. अभिमान मलाही आहे. पण महाराजांच्या आडून बायकांवर घाणेरडे विनोद टाकणारा दिसला की मी सगळ्यांसमोर लिहिते, आधी स्वतःचं तोंड लाव, मग पाठव.