जोडाक्षर फोडताना

लिस्बनला आल्यावर मी पहिल्यांदा नापास झालो, तो लेकीच्या दुसरीच्या वहीत. ओळीच्या शेवटी शब्द तोडताना पाडतात तसे तुकडे पाडायचे होते. 'कार्रु', म्हणजे गाडी. लिहिताना त्यात दोन आर. मी बाराखडीच्या भरवशावर ऐटीत सांगितलं, "का-र्रु! जोडाक्षर कुणी फोडतं का?"

दुसऱ्या दिवशी लाल रेघ. दोन आर, दोन एस फोडायचे: 'कार्-रु'. एल-एच, एन-एच मात्र फोडायचे नाहीत. त्या जोडीचा उच्चार एकच, म्हणून 'फि-ल्यु', म्हणजे मुलगा. (दोन आरचाही उच्चार एकच की! पण इथे न्याय मागू नये.)

मग आठवडाभर लेक वही घेऊन माझ्याकडे फिरकलीच नाही. हे लाल रेघेपेक्षा जास्त लागलं.

एका रात्री शाळेतली वृत्तं आठवली. 'रस्ता' आपण र-स्ता लिहितो, पण मात्रा मोजताना जोडाक्षराआधीचा 'र' गुरू धरतो. म्हणजे कानाला ऐकू येतं ते 'रस्-ता'च. पोर्तुगीजांचा सण 'फेश्-ता' असाच तुटतो. मराठीत मी लिपीवर विसंबलो होतो, कानावर नाही!

सकाळी लेकीला 'ब-टा-टा' दिला. हा शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलेला. ती खुलली आणि तिने मलाच कोडं घातलं. वडील म्हणजे 'पाय', देश म्हणजे 'पईश'. 'पाय'मधले दोन स्वर एकत्र नांदतात, तुकडा एकच. 'पईश'मध्ये आय या अक्षरावर आघातचिन्ह, म्हणून फारकत: 'प-ईश'.

माझ्या तोंडून दोन्ही जवळजवळ सारखेच निघतात. ती अजून हसते.