माळवद

भाऊबीजेला भोकरला ताईकडे गेलो, की मुक्काम तिच्या सासरच्या जुन्या वाड्यात. दगडमातीच्या दोन हात रुंद भिंती, लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. हेच मराठवाड्याचे माळवद! उन्हाळ्यात त्याच्याखाली काय गारवा असतो म्हणता! मी कौतुक करू लागलो, तसे दाजी म्हणाले, "किल्लारी पाहून या, मग बोला."

दुसऱ्या दिवशी निघालो. नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, औसा. दिवसभराची वाट, दोहों बाजूंना काळी जमीन.

1992 साली किल्लारीला हादरे बसले होते. पण दख्खनचा खडक म्हणजे अढळ, असा सर्वांचाच समज. 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. गणपती पोचवून थकलेली माणसे निजली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. भिंतींतल्या गोट्यांना बांधून ठेवणारी होती ती नुसती माती. त्या फाकल्या आणि वरचा मातीचा भार निजलेल्यांवर आला. लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसे गेली. गारवा देणाऱ्या छपरानेच घात केला!

पुढे 52 गावे नव्या जागी वसली. नवी किल्लारी पाहिली. रुंद रस्ते, आखीव ओळी, भक्कम घरे. पण जुन्या गावात भिंतीला भिंत लागून होती. ओट्यावरून हाक मारली की शेजारी ओ देई. ते शेजार नकाशात कसे बसावे?

जुन्या गावठाणात आता रान आहे. स्मृतिस्तंभापाशी दर 30 सप्टेंबरला लोक जमतात. घरे हलली, ग्रामदैवत नीळकंठेश्वर मात्र तिथेच राहिला. भूकंपाचा घाव त्यानेही सोसला. मी उभा होतो तेव्हा एक वृद्ध बाई बेल घेऊन आल्या. देवाला वाहून त्या माघारी फिरल्या, आणि वाटेत एका झुडपापाशी क्षणभर थांबल्या. तिथे काय होते, हे विचारण्याचा मला धीर झाला नाही.

भोकरला परतलो. रात्री अंथरुणावर पडलो, तर नजर वरून हटेना. सकाळी दाजींना म्हटले, "हे माळवद उतरवा."

दाजींनी मान डोलावली. देवघरातून ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "उतरवा बाबांनो. देव मात्र होता तिथंच ठेवा."